सध्या कुठे असतोस?

मराठी माणसाला वीस वर्षांनी वर्गमित्र भेटला की तो "कसा आहेस?" असं विचारत नाही. तो विचारतो, "सध्या कुठे असतोस?" प्रश्न भूगोलाचा वाटतो, पण तसा तो नाही. उत्तर 'सिअ‍ॅटल' आलं की समोरच्याच्या भुवया एका उंचीवर जातात. 'हिंजवडी' आलं तर त्याच्या थोड्या खाली. आणि 'इथेच, नाशकात' आलं तर भुवया जागच्या हलत नाहीत, आवाजात मात्र एकदम माया येते. "हो का? बरं केलंस रे. आईवडिलांजवळ." जणू काही तुमचं नुकतंच ऑपरेशन झालंय.

हा प्रश्न दोन माणसं अशोक स्तंभाजवळ उभ्या उभ्या एकमेकांना विचारतात तोवर ठीक आहे. माणसं आहेत, विचारणारच. माझं भांडण वेगळं आहे. हाच प्रश्न आता कॉलेजांनी उचललाय, त्याचा तक्ता केलाय आणि त्याला 'आमच्या माजी विद्यार्थ्यांची यशोगाथा' असं नाव दिलंय.

डिसेंबर-जानेवारीत गंगापूर रोडवरून एक चक्कर मारून बघा. (शनिवार-रविवारी मारू नका, सोमेश्वरला आणि वायनरीला जाणाऱ्या गाड्यांमध्ये अडकून पडाल.) अख्खा रस्ता शाळा, कॉलेजं, वसतिगृहं, अभ्यासिका आणि क्लासेसनी भरलेला. त्यात हा मेळाव्यांचा सीझन. जागोजागी फ्लेक्स. फोटो, खाली नाव, नावाखाली कंपनी आणि कंपनीखाली लाखांचा आकडा. आकड्याचा फाँट नावापेक्षा मोठा. निवडणुकीच्या फ्लेक्सवर निदान माणसाचं नाव तरी मोठं असतं!

माझं म्हणणं सरळ आहे. या याद्या खोट्या असतात. त्यातली एकही ओळ खोटी नसते आणि तरीही यादी खोटी असते.

सॉफ्टवेअरवाल्यांना हे वेगळं समजवायची गरज पडू नये. समजा, एका सर्व्हरचा वर्षभराचा लॉग तुमच्या हातात आला आणि त्यात फक्त 'सक्सेस'च्या ओळी आहेत. एरर नाही, टाइमआउट नाही, एखादा रीट्रायसुद्धा नाही. तुम्ही काय म्हणाल? वा, काय सर्व्हर आहे? छे! तुम्ही म्हणाल, कुणीतरी लॉगिंगमध्ये हात घातलाय. रात्री दोन वाजता सिस्टिम बसल्यावर असला लॉग उघडणाऱ्या माणसाच्या तोंडून जे शब्द निघतात, तेच मला या याद्या बघून सुचतात. इथे लिहीत नाही, आई वाचते.

तर झालं असं, की आमच्या बॅचला २५ वर्षं झाली. कॉलेजचं नाव सांगत नाही, तुम्ही तुमच्या कॉलेजचं घातलंत तरी काही फरक पडणार नाही. रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी फॉर्म आला. रकाने असे: नाव, ब्रँच, सध्याची कंपनी, पद, शहर/देश, वार्षिक उत्पन्न (हे ऐच्छिक, आभारी आहे) आणि शेवटी 'उल्लेखनीय यश'. उत्पन्न सोडून सगळ्यांपुढे लाल चांदणी. 'कंपनी' रिकामी ठेवली तर फॉर्म पुढेच सरकत नाही. म्हणजे ज्याला आज नोकरी नाही तो माणूस या डेटाबेसमध्ये असूच शकत नाही. पाच मिनिटांत कुणीतरी बनवलेला फॉर्म आहे, मान्य. पण घाईत बनवलेल्या गोष्टीतच माणसाच्या डोक्यातलं खरं मॉडेल दिसतं.

आता या फॉर्मचं पुढे काय झालं ते ऐका.

आमच्या वर्गात एक मुलगी होती. चार वर्षं पहिली. अर्धा वर्ग तिच्या वह्यांच्या झेरॉक्सवर पास झाला, त्यात आज ज्यांचे फोटो फ्लेक्सवर असतात तेही आले. लग्न होऊन ती अमेरिकेला गेली, एच-फोर व्हिसावर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एच-वन-बीवर गेलेल्याच्या जोडीदाराला हा व्हिसा मिळतो आणि त्यावर तिथे पगारी काम करणं कायद्याने बंद होतं. २०१५ च्या मे महिन्यापासून काही जणांना परवानगी मिळायला लागली, तीही नवऱ्याचं ग्रीन कार्डचं प्रकरण एका टप्प्यापर्यंत पोचलं असेल तरच. म्हणजे वर्गात पहिली आलेली मुलगी कितीतरी वर्षं फुकट सोडून कुठलंही काम करू शकत नव्हती. पुढे परवानगी आली, तोवर तिच्या डिग्रीला गंज चढला होता. तिने पुन्हा परीक्षा दिल्या, आता तिथल्या एका शाळेत गणित शिकवते. फॉर्म आला तेव्हा एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाण्याच्या मधल्या दोन महिन्यांत होती, म्हणून 'कंपनी'च्या रकान्यात तिने 'सध्या नाही' असं टाइप केलं. स्मरणिकेच्या कच्च्या प्रतीत तिच्या नावापुढे काय आलं असेल? नवऱ्याची कंपनी आणि नवऱ्याचं पद. कुणीतरी 'दुरुस्ती' केली होती. चांगल्या मनाने, बरं का.

दुसरा दिंडोरीचा. पुण्यातली नोकरी सोडून वडिलांच्या आजारपणात परत आला आणि द्राक्षात पडला. लगेच २०१० चा हंगाम. तुम्हाला आठवत असेल तर त्या वर्षी क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले म्हणून आपली द्राक्षं युरोपात अडकली होती आणि इथे बागाईतदारांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. हा कर्जात गेला, सहा-सात वर्षं लागली वर यायला. त्या काळात त्याने फवारणीच्या नोंदींची एक्सेल शीट केली, आजूबाजूच्या दहा-बारा जणांना शिकवली. कुठल्याही डेटा सायंटिस्टने बघावी अशी. फॉर्ममध्ये 'पद' या रकान्याला यादीतून निवडायचं होतं: मॅनेजर, सिनियर मॅनेजर, डायरेक्टर, व्हाइस प्रेसिडेंट. पठ्ठ्याने डायरेक्टर निवडलं. "शेत माझं, डायरेक्शन माझंच. बायको व्हाइस प्रेसिडेंट." फोनवर हसत होता. मी पण हसलो. पण फोन ठेवल्यावर वाटलं, आपला वर्गमित्र आपल्याच लोकांच्या फॉर्ममध्ये बसण्यासाठी विनोद करतोय.

आणि तिसरा २०२१ च्या एप्रिलमध्ये गेला. बेड मिळेपर्यंत उशीर झाला होता. त्याच्या ईमेलवर फॉर्मची तीन स्मरणपत्रं गेली, आणि स्मरणिकेच्या मागच्या पानावर 'प्रतिसाद न देणारे' अशी जी यादी होती, तिच्यात त्याचं नाव होतं. ते काढायला लावलं. याहून जास्त मला याबद्दल लिहायचं नाही.

मी हे सगळं बॅचच्या ग्रुपवर लिहिलं तेव्हा उत्तर आलं, "अरे, उगाच निगेटिव्ह नको होऊस. मुलांना प्रेरणा मिळते."

बरं. प्रेरणेचंच बघू.

आम्ही पास झालो तेव्हा डॉटकॉमचा फुगा नुकताच फुटला होता. कॅम्पसमध्ये ऑफर मिळालेल्यांच्या जॉइनिंगच्या तारखा पुढे, आणखी पुढे गेल्या, काहींच्या आल्याच नाहीत. आमच्यातली निम्मी पोरं सात-आठ महिने घरी बसून होती. कुणी क्लासमध्ये सी-प्लसप्लस शिकवत होतं, कुणी सातपूर-अंबडच्या कारखान्यात संगणक दुरुस्त करत होतं, कुणी नुसतंच सकाळी शर्ट इन करून घराबाहेर पडत होतं, शेजाऱ्यांनी विचारू नये म्हणून. पुढे २००८ आलं. पुढे २०२२-२३ ची कपात आली, एका ईमेलवर लॅपटॉप बंद झाले. या तिन्ही लाटांमध्ये आमच्या बॅचमधली माणसं बुडाली, पोहली, काही बाहेर आली. स्मरणिकेत यातलं काय आहे? 'व्हाइस प्रेसिडेंट, सिंगापूर.' बस.

२००१ च्या पोराने कसं निभावलं हे २०२३ च्या पोराला माहीत असतं तर ती प्रेरणा झाली असती. आमच्या सोसायटीतला एक मुलगा आहे, सत्तावीस-अठ्ठावीसचा. त्या कपातीत त्याची नोकरी गेली. त्याने घरी सांगायला चार महिने लावले. चार महिने तो रोज लॅपटॉप उघडून बेडरूमचं दार लावून बसायचा, 'मीटिंग आहे' म्हणून. आणि त्या वर्षीच्या त्याच्या कॉलेजच्या मेळाव्याला गेला नाही, कारण दारातच बिल्ला देतात, नावाखाली कंपनी लिहिलेला. आपल्याशिवाय जगात कुणाचंच काही बिघडलेलं नाही, असं त्याला वाटत होतं. का वाटणार नाही? त्याने बघितलेल्या प्रत्येक यादीत तेच लिहिलं होतं.

आता हा सगळा दोष मेळाव्याच्या समितीचा आहे का? नाही. ती बिचारी माणसं स्वतःचे रविवार घालवून समोसे मोजत असतात. दोष मोजपट्टीचा आहे आणि ती वरून आली आहे. २०१६ पासून देशातल्या कॉलेजांचं रँकिंग निघतं, एनआयआरएफ. त्यात इंजिनिअरिंगसाठी जी माहिती भरावी लागते तिच्यात नोकरी लागलेल्या पदवीधरांच्या पगाराचा मध्य येतो. नीट वाचा, नोकरी लागलेल्यांच्या. न लागलेले त्या मध्यात कुठेच नसतात. नॅकच्या २०१७ च्या सुधारित आराखड्यात माजी विद्यार्थ्यांसाठी वेगळा विभाग होता. चांगली गोष्ट, असं वाटलं होतं. आत एक प्रश्न असा: माजी विद्यार्थ्यांनी पाच वर्षांत दिलेलं योगदान, रुपये लाखांत. मग प्राचार्यांनी मेळाव्याला कुणाला पहिल्या रांगेत बसवायचं? दिंडोरीच्या डायरेक्टरला?

आकडा मागितला की आकडा मिळतो. ज्याचा आकडा होत नाही ते हळूहळू दिसेनासं होतं. टार्गेट आणि अप्रेझलच्या धंद्यात आयुष्य गेलेल्या आपल्याला हे कोण शिकवणार!

गंमत म्हणजे ज्या रस्त्यावर हे फ्लेक्स लागतात तो रस्ताच मुळात वेगळ्या हिशोबावर उभा आहे. मराठा विद्या प्रसारक समाज ही संस्था १९१४ ची. खेड्यातल्या शेतकऱ्याच्या पोराला शहरात राहून शिकता यावं, हा तिचा हेतू. शिकायचं तर आधी राहायचं कुठे आणि खायचं काय, म्हणून बोर्डिंग. उदोजी मराठा बोर्डिंगचं आवार आजही गंगापूर रोडवर आहे, दुचाकीवरून जाताना आपण त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. 'बहुजन हिताय बहुजन सुखाय' हे या संस्थेचं ब्रीद. त्यात 'सिनियर मॅनेजर हिताय' असं कुठे दिसत नाही. थोडं पुढे केटीएचएम, १९६९ चं. रोज हजार वेळा लोक हे नाव घेतात, रिक्षावाले तर जास्तच. कर्मवीर रावसाहेब थोरात, भाऊसाहेब हिरे, अण्णासाहेब मुरकुटे, ही तीन माणसं त्या चार अक्षरांत आहेत हे किती जणांना माहीत असतं? हे आपलं जाता जाता.

त्या बोर्डिंगांमधून शिकून बाहेर पडलेला पोरगा गावी जाऊन प्राथमिक शिक्षक झाला की पुढच्या पिढीतली दहा घरं बदलत. आजच्या फॉर्ममध्ये त्याची नोंद कशी झाली असती बघा. कंपनी: जिल्हा लोकल बोर्ड. पद: शिक्षक. शहर/देश: कळवणजवळ. उल्लेखनीय यश: निरंक.

विद्या विकास सर्कलपाशी कुसुमाग्रज स्मारक आहे. शिरवाडकर एचपीटी कॉलेजचे माजी विद्यार्थी, १९३४ चे बीए. एचपीटी म्हणजे शेजारचा कॉलेज रोड, पण नाशिककर या दोन रस्त्यांत फार फरक करत नाहीत. आता कल्पना करा, १९३९ साली कॉलेजने पाच वर्षांचा मेळावा घेतला आणि शिरवाडकरांना फॉर्म पाठवला. तोवरचा हिशोब काय? १९३६ मध्ये 'सती सुलोचना' या सिनेमात लक्ष्मणाचं काम केलं. मग थोडं सिनेमासाठी लेखन, मग नियतकालिकांमधली संपादकीय नोकरी, आज या कचेरीत, उद्या त्या. आजच्या एचआरच्या भाषेत 'जॉब हॉपर'. 'विशाखा' यायला १९४२ उजाडलं. ज्ञानपीठ १९८७ चं. पदवीनंतर ५३ वर्षांनी! पाच वर्षांच्या, दहा वर्षांच्या कुठल्याच यादीत हा माणूस 'आमचे अभिमान'मध्ये आला नसता. आणि ज्या वर्षांत तो यादीत आला नसता, त्याच वर्षांत 'विशाखा'च्या कविता लिहिल्या जात होत्या.

हां, आता कुणी म्हणेल की शेवटी मोठा झालाच ना, म्हणून तर उदाहरण देतोयस. बरोबर पकडलंत. म्हणूनच मला या रस्त्याच्या पार दुसऱ्या टोकाला जायचंय.

आनंदवल्ली, सोमेश्वर, मग गंगापूर गाव मागे टाकलं की गोवर्धनच्या पुढे, धरणाजवळ यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. आवाराचं नाव ज्ञानगंगोत्री. १९८९ साली स्थापना, पहिले कुलगुरू राम ताकवले, भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, जे पुढे इग्नूचेही कुलगुरू झाले. ब्रीद: ज्ञानगंगा घरोघरी. तुम्ही कॉलेजात असताना या विद्यापीठाची चेष्टा केली असेल. आमच्या कॉलेजात तर 'मुक्त'वाला म्हणजे शेवटच्या बाकाच्याही मागचा असा समज होता. आवारात गेलात तर मुलांची गर्दी दिसत नाही, कारण विद्यार्थी तिथे नसतातच. ते राज्यभर पसरलेले असतात, दरवर्षी लाखोंच्या संख्येने.

कोण असतात हे? पोलीस शिपाई. एसटीचे कंडक्टर. पतसंस्थेतला क्लार्क. अंगणवाडी सेविका. दहावीनंतर लग्न झालेली आणि मुलगी दहावीला गेल्यावर पुन्हा पुस्तक उघडणारी बाई. या विद्यापीठाने शाळा सुटलेल्या माणसासाठी पूर्वतयारीचा अभ्यासक्रम काढला होता, बारावी नसली तरी ती परीक्षा देऊन पदवीच्या वर्गाला बसता यायचं. घरी वाचून समजेल अशी मराठीत लिहिलेली पुस्तकं आणि जवळच्या कॉलेजात सुटीच्या दिवशी भरणारे वर्ग. नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहातसुद्धा त्याचं अभ्यासकेंद्र आहे. महाराष्ट्रात शिक्षण पूर्ण करणाऱ्या कैद्याला शिक्षेत काही सूट मिळते. म्हणजे या विद्यापीठाचे असे माजी विद्यार्थी आहेत ज्यांचं 'करिअर अचीव्हमेंट' हे, की ते ठरलेल्या दिवसाच्या आधी घरी आले. लावा बघू फ्लेक्स.

माझी मावशी पिंपळगावची. दहावीला चांगले मार्क, मग लग्न, मग तीस वर्षं चूल आणि टोमॅटोच्या जाळ्या. ४८ व्या वर्षी तिने मुक्तमधून बीए केलं. परीक्षेला लेकाच्या वयाच्या पोरांबरोबर बसायची, सुपरवायझर तिला "मावशी, पालकांनी बाहेर थांबा" म्हणाला होता, ते ती अजून सांगते. तिला नोकरी लागली नाही, लागणारही नव्हती. मग झालं काय? गावातल्या पतसंस्थेचे कागद घरी आले की काका ते तिच्याकडे सरकवायला लागले. एकदा कर्जाच्या व्याजात चूक होती, ती तिने शोधली आणि मॅनेजरसमोर खुर्ची ओढून बसून दुरुस्त करून घेतली. 'खुर्ची ओढून' हे तिचे शब्द. आधी ती उभी राहायची.

मावशीला विचारा, सध्या कुठे असता? घरीच.

तुमच्या-माझ्या कॉलेजने आम्हाला जिथून उचललं तिथून कुठे नेलं? खरं सांगायचं तर फार लांब नाही. आम्ही बहुतेक जण मास्तर, कारकून, डॉक्टर, इंजिनिअर यांची मुलं. घरात पुस्तकं, ट्यूशन, स्कॉलरशिपच्या परीक्षा. कॉलेज नसतं तरी आम्ही कुठेतरी चिकटलोच असतो. आत गेलेला माल आणि बाहेर आलेला माल यातला फरक बघायचा सोडून आपण नुसता बाहेर आलेला माल मोजतो आणि कारखान्याला बक्षीस देतो. असा कारखाना सातपूरमध्ये एक महिना चालणार नाही. या हिशोबाने बघितलं तर गंगापूर रोडवरची सगळ्यात मोठी यशोगाथा धरणाजवळ आहे. तिचे फोटो आपण बघत नाही.

नाही म्हणायला मुक्त विद्यापीठाच्या पदवीधराचीही बातमी होते. कधी? तो कलेक्टर झाला की. बार्शीकडच्या रमेश घोलप यांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल, आईबरोबर बांगड्या विकणारा मुलगा, मुक्त विद्यापीठातून पदवी, शिक्षकाची नोकरी आणि मग २०१२ साली आयएएस. मोठीच गोष्ट आहे, त्यात काही वाद नाही. पण ती सांगताना आपण मुक्त विद्यापीठ हे अडचणींच्या यादीत घालतो, बघा. 'गरिबी, पोलिओ, मुक्त विद्यापीठ... आणि तरीही!' ज्या दारातून माणूस आत आला त्याच दाराला आपण अडथळा म्हणतो.

तसंच वायनरीचं. राजीव सामंत स्टॅनफर्डला शिकले, ओरॅकलमधली नोकरी सोडून गंगापूर धरणाकडच्या घरच्या जमिनीवर आले आणि द्राक्षं लावली. 'सुला'ची पहिली वाइन २००० साली आली, कंपनी शेअर बाजारात आली २०२२ च्या डिसेंबरमध्ये. आज हे 'धाडस' म्हणून कॉलेजांमध्ये सांगतात. नव्वदीच्या दशकात हाच माणूस अशोक स्तंभावर भेटला असता, तर "सध्या कुठे असतोस?" "इथेच, धरणाजवळ, जमिनीवर." भुवया जागच्या जागी. माझा दिंडोरीचा मित्रही परतच आला होता. परत येणं एकच, पण एकाच्या शेवटी शेअर बाजार आहे म्हणून ते धाडस आणि दुसऱ्याच्या शेवटी एक्सेल शीट आहे म्हणून ती नाइलाजाची गोष्ट.

माजी विद्यार्थ्यांची नोंद नीट ठेवता येते का? येते. हार्वर्डने १९३८ साली आपल्या २६८ विद्यार्थ्यांचा अभ्यास सुरू केला आणि तो त्यांच्या म्हातारपणापर्यंत चालवला. त्यांना नोकरी विचारली, तशी दारू विचारली, लग्न कसं चाललंय ते विचारलं, रक्तदाब मोजला. त्यात जॉन केनेडी होते, तसे पुरते कोलमडलेलेही होते, आणि दोघांच्या फायली सारख्याच जाड. पुढे बॉस्टनच्या गरीब वस्तीतली ४५६ मुलं, ज्यांचा वेगळा अभ्यास चालू होता, तीही याला जोडली गेली. (मुली नव्हत्या. १९३८ च्या हार्वर्डला सुचलं नाही. आपलं निमित्त काय?) इतक्या वर्षांनी हाती काय लागलं, तर पन्नाशीत ज्यांची नाती बरी होती ते ऐंशीत जास्त धडधाकट होते, कोलेस्टेरॉलच्या आकड्यापेक्षाही हे जास्त खात्रीने सांगता आलं. हे कळलं कारण पडलेल्यांनाही विचारलं होतं. फक्त केनेडींची फाइल ठेवली असती तर एवढंच कळलं असतं, की हार्वर्डला गेलं की राष्ट्राध्यक्ष होता येतं.

आपल्याला एवढं काही करायचं नाही. पण निदान फॉर्म तरी बदला. मी आमच्या समितीला नवा करून पाठवलाय, अर्ध्या तासाचं काम होतं. 'कंपनी'पुढची लाल चांदणी काढली. 'पद' काढून 'दिवसभर काय करता?' असं केलं. 'उल्लेखनीय यश' राहू दिलं, ज्यांना सांगायचंय त्यांनी जरूर सांगावं, त्यांचंही कौतुक करू, टाळ्या मी पहिल्यांदा वाजवीन. त्याच्याखाली तीन ओळी घातल्या: कॉलेजात शिकलेलं काय उपयोगी पडलं? काय अजिबात पडलं नाही? सगळ्यात वाईट वर्ष कुठलं आणि त्यातून कसे निघालात? आणि बिल्ल्यावर फक्त नाव. आडनाव ऐच्छिक.

समितीने 'विचार करू' म्हटलंय. इंजिनिअर माणसाला याचा अर्थ कळतो, तिकीट बॅकलॉगमध्ये गेलं. म्हणून मीच तो फॉर्म ओळखीच्या पंधरा-वीस जणांना परस्पर पाठवला. अकरा उत्तरं आली आहेत. अमेरिकेतल्या मैत्रिणीने वाईट वर्षाच्या ओळीत दीड पान लिहिलंय. सिंगापूरच्या व्हाइस प्रेसिडेंटचंही उत्तर आलं, मला अपेक्षा नव्हती. २००९ बद्दल लिहिलंय त्याने, आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. वर 'छापू नकोस' असं लिहिलंय, तर छापणार नाही. पण सोसायटीतल्या त्या मुलाला त्याचा नंबर देऊ का, असं मी विचारलं. तासाभरात "दे" असं उत्तर आलं.